पेटीतला नवरा

हसू माझंच आहे हे मला आधी कळलंच नाही. मागच्या रांगांतल्या नर्सेस खिदळत होत्या, त्यातलंच एखादं समजून मी मान वळवली, आणि मग लक्षात आलं की आवाज माझ्या घशातून निघतोय आणि शेजारी बसलेला माझा नवरा माझ्याकडे टक लावून बघतोय. असं पोटातून, तोंड उघडं टाकून मी त्याच्यासमोर कधी हसले नव्हते. त्याच्या विनोदांना हसते ते वेगळं. ते ड्यूटीवर हसतो तसलं. "काय म्हणाला तो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, गंमत. आणि समोर मंचावर तो विदूषक, एक मिशी वर आणि एक मिशी खाली रंगवलेला, एका कानात विड्याचं पान खोचलेला, बोलायचा थांबला आणि माझ्याकडे बघू लागला. दुकानदाराला पहिलं गिऱ्हाईक दिसलं की तो जसा गप्प होतो तसा गप्प झाला होता.

हॉल कुवेतमध्ये मंगफमधल्या एका शाळेचा, दिवस शुक्रवार, वेळ जेवणाआधीची. मल्याळी समाजाने केरळातून कूडियाट्टमची मंडळी आणली होती. हे देवळातलं संस्कृत नाटक. तिथे त्याच्यासाठी देवळाच्या आवारात वेगळं लाकडी नाट्यघर असतं, चाक्यार नावाच्या जातीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या ते करत आलेत, आणि एक अंक संपायला कित्येक रात्री लागतात. समोर बघणारा कोणी नसला तरी चालतं, दिवा असला म्हणजे झालं; नट दिव्यासाठी करतो. इथे कमिटीने त्याचा पाऊण तास केला होता, कारण मग केळीच्या पानावर जेवण होतं आणि हॉल संध्याकाळी दुसऱ्या कोणाला दिलेला होता. पेटता दिवा हॉलच्या नियमात बसत नाही, म्हणून उंच पितळी समईत बॅटरीवर लुकलुकणाऱ्या प्लास्टिकच्या वाती लावल्या होत्या. देव नाही, रात्र नाही, ज्योत नाही, आणि पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून आम्ही, मराठी मंडळाचे लोक, छातीला कागदी फुलं लावून. एकात्मता म्हणे. आमच्यातल्या निम्म्यांना नाटक कुठल्या भाषेत आहे हेही माहीत नव्हतं. मंडळातल्या नेहाने मला विचारलं की हे कथकली का, आणि मी नाही म्हणायच्या आत तिने फोटो काढून खाली कथकली लिहून ग्रुपवर टाकून दिला.

मला मल्याळम येतं. कोणी शिकवलेलं नाही. डायलिसिसच्या वॉर्डात नवी आले तेव्हा बाकीच्या नर्सेस सगळ्या केरळातल्या, कोट्टयमच्या होत्या, आणि माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलायच्या. माझं नाक, माझी साडी, मी रुग्णाच्या हातात सुई कशी घालते. मी मशीनचा आकडा बघत उभी राहायचे आणि ऐकायचे. ऐकता ऐकता एक दिवस सगळं कळायला लागलं, आणि मग आणखी बरेच दिवस मी कळत नसल्यासारखी उभी राहिले, कारण असं ऐकायला मिळणं ही चैन होती. शेवटी त्यांच्यातल्या शैनीने काहीतरी म्हटलं आणि मी तिला तिच्याच भाषेत उत्तर दिलं. ती आधी पांढरी पडली आणि मग इतकी हसली की तिला खुर्चीत बसवावं लागलं. तेव्हापासून मी तिची विजयाचेची, म्हणजे मोठी बहीण. आज सकाळी तिने मला बजावलं होतं, चेची, पुढे बसू नको. विदूषक आला की समोर जो दिसेल त्याची हजामत करतो. राजा असो, जमीनदार असो, पुजारी असो, त्याला तो हक्कच आहे. ऐकायचं आणि गप्प बसायचं. कोणी उठून हरकत घेतली तर चाक्यार डोक्यावरचा मुकुट काढून दिव्यापुढे ठेवतो आणि त्या जागी पुन्हा कधी उभा राहत नाही. तो नाही, त्याचा मुलगा नाही. तिच्या आजीच्या गावच्या देवळात असंच झालं होतं. जमीनदार उठला, मुकुट उतरला, आणि आता त्या नाट्यघरात उत्सवाची भांडी ठेवतात.

मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे गुहागरात शिमग्याला पोरं दारात येऊन घरच्या कर्त्याच्या नावाने बोंब ठोकतात, काय वाटेल ते बोलतात, आणि राग धरायचा नसतो. धरला तर तो माणूस वर्षभर गावच्या तोंडी राहतो. माझे वडील दार लावून आत बसायचे. मास्तर होते, त्यांना शोभत नसे. पोरं दाराबाहेर त्यांच्या कंजूषपणाचं गाणं म्हणायची आणि आत आई पदर तोंडात कोंबून हसायची. ते हसणं मी किती वर्षांत आठवलं नव्हतं. आज माझ्या घशातून निघालं ते तेच असावं. बाईच्या पोटात पुरून ठेवलेलं हसू लेकीच्या पोटात उगवतं की काय कोण जाणे.

आता स्वानंदबद्दल. तो मंडळाचा अध्यक्ष आहे. मीना अल-अहमदीला रिफायनरीत इंजिनियर होता, दोन वर्षांपूर्वी त्याची जागा गेली. तशी पुष्कळांची गेली, त्यात लाज नव्हती. त्यातले काही परत गेले, काही जहऱ्याला एखाद्या गोदामात कारकून म्हणून लागले. यूसुफभाई, श्रीवर्धनचे, याच्याच खात्यात होते. त्यांनी फहाहीलच्या बाजारात मसाल्याचं दुकान टाकलं, आणि आता हा तिथून हिंग आणतो आणि घरी येऊन त्यांना वाणी म्हणतो. याने स्वतः काय केलं, तर कन्सल्टंट झाला. कोणाचा कन्सल्टंट हे कोणी विचारलं नाही, कारण विचारणं आपल्यात बसत नाही. खरं एवढंच की खास परवानगी काढून मी त्याला माझ्या नावावर घेतलं. इथे प्रत्येक परदेशी माणूस कोणाच्या तरी नावावर राहतो, आणि ज्याच्या नावावर राहतो त्याला कफील म्हणतात, आणि मंडळाच्या प्रत्येक जेवणात माणसं आपापल्या कफिलाला शिव्या घालतात. स्वानंदही घालतो. मी समोर पुऱ्या वाढत असते आणि हा सांगत असतो की आपला कफील कसा डोक्यावर बसलाय. कफील मी. हे आमच्या लेकीला, अबोलीला माहीत आहे, शैनीला माहीत आहे, मंडळात कोणाला नाही. मंडळात मी अध्यक्षांची मिसेस, जी 'हौसेने' नोकरी करते.

त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, येत्या रविवारी संपतो. तो वाढवायचा तर माझ्या फोनवर एक होकार द्यावा लागतो, एवढंच. नाही दिला तर त्याला इथे राहता येत नाही. गेले कित्येक दिवस तो आडून आडून विचारतोय, आणि मी उद्या बघते म्हणतेय, आणि मी उद्या बघते का म्हणतेय हे मला खरंच कळत नव्हतं. भांडण नव्हतं. तो मारत नाही, पीत नाही. सकाळी उठून माझ्या गाडीची किल्ली घेतो आणि मी हॉस्पिटलच्या बसने जाते, आणि दुपारी तो सभागृहांची भाडी ठरवतो आणि गणपतीच्या पत्रिकेवर कोणाचं नाव वर घ्यायचं यावर फोनवर तासन्‌तास बोलतो. मी घरी येते तेव्हा चहाचा कप तिथेच असतो जिथे त्याने तो ठेवला होता. या सगळ्याला काय म्हणायचं? याचा राग येत नाही. राग समोरच्याला माणूस समजून येतो. मला जे यायचं त्याला चांगला शब्द नव्हता, आणि ते मी डबा भरताना, सुई घालताना, त्याच्या झब्ब्याला इस्त्री करताना दाबून ठेवत होते.

विदूषकाच्या आधी राजा झाला. त्याने डोळ्यांत कसलीशी बी घालून डोळे लालभडक करून घेतले होते; माझ्यातली नर्स म्हणाली, आधी हे धुवायला हवेत. मग तो एका पर्वताकडे बघायला लागला. हात नाही, पाय नाही, फक्त बुबुळं. पायथ्यापासून चढत चढत, मध्ये एखाद्या कड्यावर अडखळून, पुन्हा वर. मागे तांब्याच्या मोठ्या रांजणावर चामडं ताणून केलेला ढोल घुमत होता. शैनीने सांगितलं होतं की त्या ढोलाची मुंज लावतात आणि तो फुटला तर त्याला माणसासारखी मूठमाती देतात. आणि मला त्या शाळेच्या हॉलमध्ये, एसीच्या घरघरीत, पर्वत दिसला. किती उंच होता तो. मी मान वर केली होती. शेजारी स्वानंद पत्रिकेतलं आपलं नाव बरोबर छापलंय का ते पुन्हा बघत होता. हा माणूस, मला वाटलं, पर्वताखाली बसूनसुद्धा पत्रिका बघेल.

मग विदूषक आला आणि संस्कृत सोडून मल्याळममध्ये बोलू लागला. राजांच्या गावात धर्म, अर्थ, काम, मोक्ष असे चार पुरुषार्थ असतात, पण आमच्या गावात त्यांचा तुटवडा पडला, म्हणून आम्ही दुसरे चार काढले: जेवण, फसवणूक, मौज आणि राजाची चाकरी. इथवर जुनं. मग तो कुवेतला आला. इथे राजाची चाकरी बायका करतात, तो म्हणाला, बाकीचे तीन आम्ही त्यांच्यावतीने सांभाळतो. नर्सेसची अख्खी बाजू फुटली. आणि त्याची नजर फिरत फिरत पहिल्या रांगेत आली आणि रेशमी झब्ब्यावर, कागदी फुलावर थांबली. त्याला काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्याला फक्त एक गुळगुळीत माणूस दिसला. पण त्याने जे म्हटलं त्यावर मी हसले, आणि माझं हसणं ऐकून त्याला कळलं की नेम लागला.

नंतर त्याने स्वानंदला सोडलंच नाही. लोक वळून वळून आमच्याकडे बघायला लागले, हसायला लागले, एकीने डोळे पुसले. आणि स्वानंदने काय करावं? त्याला वाटलं आपली ओळख करून देतायत. तो अर्धवट उठला, वळला, आणि हॉलला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मी आयुष्यात इतकं मोठं हसू कुठल्या सभागृहात ऐकलेलं नाही. विदूषकानेही त्याला वाकून नमस्कार केला. मागे शैनी ओढणीत तोंड लपवत होती आणि ते स्वानंदने पाहिलं. तिथे त्याला शंका आली. त्याने शेजारी बसलेल्या मल्याळी समाजाच्या सेक्रेटरीला विचारलं, तो घाबरून कॉमेडी सर, कॉमेडी एवढंच म्हणाला. मग स्वानंद पूर्ण उभा राहिला. हिंदीत म्हणाला, एक मिनिट, काय बोललात ते आम्हाला पण कळू दे, माझ्या मिसेसना मल्याळम येतं. आणि माझ्याकडे वळून मराठीत, अध्यक्षांच्या आवाजात म्हणाला, "विजया, ऊठ. मोठ्याने सांग सगळ्यांना."

ढोल थांबला. विदूषक कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, डोळे तेवढे माझ्यावर. मी उठले तेव्हा मला सगळं दिसत होतं. अजून कोणी हरकत घेतलेली नव्हती, माहिती विचारली होती. मी नुसतं म्हटलं असतं की ते मराठी पाहुण्यांचं स्वागत करतायत, तर स्वानंद पुन्हा नमस्कार करून बसला असता, ढोल वाजला असता, मुकुट डोक्यावर राहिला असता. एक खोटं. इतकी वर्षं जे फुकट देत आले त्यातलंच आणखी एक. शैनी मागून मानेने खुणावत होती, सांग काहीतरी, सांग. आणि मला आई आठवली, तोंडात पदर कोंबलेली, दाराच्या आत.

मी सांगितलं. त्याच्याच ठेक्यात सांगितलं, कारण दुसरा ठेका त्याला शोभला नसता.

"ते म्हणतायत, हे पुढच्या रांगेतले महाराज कुवेतला कसे आले? विमानाने नाही आले. बायकोच्या पेटीतून आले. लोणच्याची बरणी आणि पापडाच्या डब्याच्या मध्ये घडी करून. विमानतळावर पेटी उघडली. यात काय आहे? नवरा आहे, साहेब. नासणारा माल आहे का? नाही साहेब, घेतला तेव्हाच नासलेला होता."

कमिटीतल्या मागच्या मल्याळी लोकांना मराठी कळलं नाही, पण चाल कळली. ते पुन्हा हसले. आमच्या रांगेत कोणी हसलं नाही. नेहाने फोन खाली घेतला. मला तिथेच बसता आलं असतं. भाषांतर संपलं होतं. पण माझं तोंड उघडं होतं आणि ते चालू राहिलं. मी म्हटलं, चाक्यारांना हे माहीत नाही, त्यांनी अंदाजाने म्हटलंय, पण दोन वर्षं झाली, यांचा इकामा माझ्या नावावर आहे. यांचा कफील म्हणजे मी.

खजिनदार रामभाऊ, सगळ्यांत म्हातारे, खाली बघत म्हणाले, "वहिनी, बसा आता. चारचौघांत कशाला." त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल कीव होती. सत्य कळल्याचं कोणाच्या चेहऱ्यावर नव्हतं. सत्य उच्चारल्याचं होतं. बहुधा त्यांना ठाऊकच होतं. बहुधा सगळ्यांना होतं, आणि माझ्या हातच्या पुऱ्या खात ते ऐकून घेत होते. मला त्या क्षणी त्या रेशमी, कागदी फुलांच्या रांगेची इतकी शिसारी आली की ती एकट्या स्वानंदापुरती राहिना.

आणि स्वानंद माझ्यावर ओरडला नाही. तो मंचाकडे वळला. बोट रोखून म्हणाला, हा आमच्या समाजाचा अपमान आहे, हे बंद करा. हॉलमधला एक म्हातारा मल्याळी नको नको म्हणत उठला, पण शब्द गेला होता. चाक्याराने दोन्ही हात वर केले, डोक्यावरचा मुकुट, म्हणजे ते लाल कापड आणि चंदेरी पट्टी, सावकाश सोडवला, आणि खाली वाकून तो त्या समईपुढे ठेवला, लुकलुकणाऱ्या प्लास्टिकच्या वातींपुढे. खालून टक्कल निघालं, कडेला घामाने चिकटलेले पांढरे केस. त्याने दिव्याला नमस्कार केला. बॅटरीच्या दिव्याला. आणि आत निघून गेला. माझ्याकडे त्याने पुन्हा बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. खोटं बोलून मी त्याचं डोकं झाकलेलं ठेवू शकत होते. माझा हिशोब मी त्याच्या मुकुटाने चुकता केला होता.

"खल्लास," शैनी माझ्या मागे म्हणाली. "इथे आता कोणी येणार नाही, चेची."

मग सगळे जेवायला गेले. हे मी कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल, पण हॉलमध्ये पानं मांडलेली होती, भात गरम होता, आणि मराठी मंडळ पंगतीला बसलं. चाक्यार जेवला नाही, त्याची मंडळी जेवली नाहीत. स्वानंद जेवला. सुरुवातीला फणकाऱ्याने, मग अवियल बरं झालंय म्हणून, आणि पायसम वाढणारा आला तेव्हा त्याने पानावर हात आडवा धरला नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. शेजाऱ्याला सांगत होता की यांचं नारळाचं दूध ताजं असतं. तेव्हा मला समजलं की तो लाजलेलाच नाही. विदूषकाला शतकानुशतकं राजे भेटले, जमीनदार भेटले, ज्यांना लाज होती म्हणून ते चिडले किंवा गप्प बसले. असा माणूस त्याला पहिल्यांदा भेटला असणार, जो मुकुट उतरवायला लावतो आणि पान वाढून घेतो.

घरी जाताना गाडी त्यानेच चालवली. समुद्रावरचं ऊन उतरत होतं आणि लांब मीनाच्या चिमण्यांवर ज्वाळा दिसत होत्या, ज्या कधी विझत नाहीत आणि ज्यांच्यापुढे कोणी नाटक करत नाही. अबोलीचा निरोप आला, 'हाऊ वॉज द शो, इज डॅडी'ज व्हिसा डन?' मी वाचून फोन मांडीवर पालथा ठेवला. स्वानंद बोलत होता. मंडळाला तो समजावणार होता, की बायकोचं जरा प्रेशर वाढलंय, मेनोपॉजचं वय आहे. त्याने ते सगळं बसवून टाकलं होतं. मला माफसुद्धा केलं होतं. फहाहीलला घराखाली गाडी लावून त्याने हात पुढे केला, म्हणाला, दे फोन, रविवार जवळ आलाय, तुझ्याच्याने होत नाही, मीच भरतो. मी दिला. त्याने चष्मा लावला, माझ्या फोनवर आपलं नाव काढलं, किती मुदत विचारली तिथे सगळ्यांत लांबची निवडली, आणि फोन मला परत केला. आता फोनवर तेवढं एकच उरलं होतं: मंजूर किंवा नामंजूर, तेही माझ्याच बोटाच्या ठशाने, आणि वर वेळेची रेघ आखूड होत चाललेली.

मी बोट उचललं नाही. राजाने पर्वत बघितला तसं मी त्याच्या नावाकडे बघायला लागले, खालून वर, एकेका अक्षराला अडखळत. नामंजूरसुद्धा मला दाबायचं नव्हतं. दाबणं म्हणजे पुन्हा त्याच्यासाठी हात हलवणं. मनात एवढंच होतं की तिकडे कुठल्यातरी हॉटेलच्या खोलीत एक टकला माणूस तोंडावरचा रंग पुसत असेल, आणि मी आज जर हे बटण दाबलं तर त्याचा मुकुट फुकट गेला. रेघ संपली. वेळ संपली असं आलं. स्वानंद म्हणाला, अगं, गेलं ते, आणि त्याने फोन ओढून पुन्हा पाठवलं आणि पुन्हा माझ्या हातात दिलं. पुन्हा रेघ. पुन्हा मी बघत राहिले. गाडीत एसी बंद होता आणि काच वर होती आणि त्याच्या तोंडाला पायसमचा वास येत होता.

"विजया," तो म्हणाला, "दाब ना." आणि त्या आवाजात अध्यक्ष नव्हता.

दुसरी रेघ संपली तेव्हा मी वर बघितलं.

"मोठी पेटी कपाटावर आहे," मी म्हटलं.